अमावस्येला पसरलेलं खत

"कडुबा, बैल कुठंयत?"

"गोठ्यात. आज अमुशा हाय, साहेब. बैल जुपत न्हाईत."

टेंभुर्णीजवळच्या त्या रानात गयाबाईनं पहाटेपासून दोन बायका लावून वर्षभराचं शेणखत पसरलं होतं. वैशाखाचं ऊन चढत होतं.

नव्वदच्या दशकात मी जाफराबाद तालुक्यात कृषी सहायक होतो. विषय साधा होता. सकाळी गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबतो तो अमोनिया वायू. पिकाला हिरवं करणारं नत्र त्यातच असतं. ओलसर खत उन्हात उघडं पडलं की तो हवेत उडून जातो. पसरल्याबरोबर मातीआड केलं की माती त्याला धरून ठेवते. त्याचाच डेमो होता. तारीख जालन्याच्या साहेबांनी ठरवली, कारण त्या दिवशी जीप मोकळी होती. मला निरोप आला आदल्या संध्याकाळी.

गयाबाई एकटी बाई. घरी बैल नाहीत, वखराला दीर कडुबाचेच यायचे. तिच्या कपाशीला या खतावाचून दुसरं काही मिळणार नव्हतं. ते वाया जाणार नाही, हा शब्द मी दिला होता.

"बाई, अमावस्या आहे हे तुम्ही तरी बोलायचं."

"मला वाटलं, सरकारी काम हाय, भावजी ऐकतील."

मी कडुबाला म्हणालो, "कॅलेंडरात अमावस्या दुपारनंतर लागते."

"माह्या बैलाला घड्याळ कळत न्हाई," तो म्हणाला.

गावातला ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला होता. मी बांधावर येरझाऱ्या घालत होतो. वास नाकात भरत होता आणि प्रत्येक श्वासाला वाटत होतं, गेलं, बाईचं नत्र गेलं. साहेबांचा रागही येत होता, पण तो काढायला साहेब जागेवर नव्हते.

तेवढ्यात गयाबाई घरून कोळपं घेऊन आली. कोळपं म्हणजे पिकाच्या ओळीतली माती हलवायचं हलकं अवजार. तिनं त्याला दोर बांधला आणि खांद्यावर घेतला.

"अमुशा बैलाची हाय. माही न्हाई."

कडुबा पुढं झाला.

"सोड, वहिनी. बैल जुपणार न्हाई, पन म्या वढतो. तू मागून दाब."

दुसरा दोर मी घेतला. जमीन आधीच वखरलेली, भुसभुशीत होती म्हणून निभलं. तरी दुपारपर्यंत जेमतेम अर्धं रान झालं आणि जीप आली.

"काळे, हा काय तमाशा?" साहेब म्हणाले.

"साहेब, आज अमावस्या आहे. तारीख तुमची."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला, फोटो नको म्हणाले आणि जीप वळवली. उरलेलं रान कडुबानं दुसऱ्या दिवशी बैलांनी वखरून दिलं. तोवर वास पुरता गेला होता.

श्रावणात त्या रानात मधोमध रेघ ओढल्यासारखी दिसायला लागली. एकीकडं कपाशी काळीभोर, दुसरीकडं पिवळट, खुरटी. मला ती बाजू बघवत नव्हती. साहेबांनी मात्र रिपोर्टात 'नियोजित तुलनात्मक प्रात्यक्षिक' असं लिहिलं आणि आजूबाजूचे शेतकरी पाहायला आणले. कुणीतरी गयाबाईला विचारलं, एकाच रानात असं कसं?

"हे हिरवं माहं हाय," ती म्हणाली. "ते पिवळं साहेबाचं."

त्यानंतर डेमोची तारीख मी आधी गावात विचारूनच साहेबांना कळवत आलो.