आक्कांच्या विमानातला चढ

आक्कांकडे गॅसवाला आला तरी सिलिंडर ठेवण्याआधी त्याला भिंतीवरचा फोटो बघावा लागे. फोटोत त्यांची आई, परकरातल्या पाच-सहा वर्षांच्या आक्का आणि मागे बेगमपेठच्या विमानतळावरचं एक जुनं विमान. "ह्यात बसून मी बंगलोरला गेलेय," आक्का सांगत. लगेच आतून त्यांचे धाकटे भाऊ ओरडत, "गेली कुठली! शेजारी उभं राहून फोटो काढलाय नुसता."

भाऊंचा जन्म त्यानंतरचा, तरी खात्री त्यांचीच जास्त. कारण एकच, आक्कांचा तो चढ. विमानात शिरल्यावर चढ लागला, आईचं बोट धरून वर चालत गेले, असं आक्का म्हणत. दोनदा विमानाने दिल्लीला जाऊन आलेले भाऊ विचारत, "विमान होतं की गोवळकोंडा?" सगळे हसत. आक्काही हसत आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत. मला एकदा म्हणाल्या, "मरायच्या आधी ह्याने एकदा 'हौ, खरंय' म्हणावं, बस."

नववीतून शाळा सुटलेली मी उदगीरकडून नारायणगुड्याला शिवणकामाला आले, तेव्हा खोली मागायला त्यांच्या दारात उभी होते. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "खोटं नक्को बोलू, बस." माझं तेवढं एकच बोलणं त्यांनी खरं मानलं नाही. बाकी सगळं मानलं.

आमच्या दुकानात येणाऱ्या एका बाईंचे सासरे हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे, असं कळलं. अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही. पण त्या बाईंना विचारलं. रविवारी आम्ही तिघं फोटो घेऊन सिकंदराबादला त्यांच्या घरी गेलो. वाटभर माझ्या डोक्यात एकच, ते 'नाही' म्हणाले तर?

म्हाताऱ्यांनी फोटो खिडकीपाशी नेला. "ये तो डाकोटा विमान है, अम्मा!"

आक्कांनी एवढंच विचारलं, "अंदर चढाव था क्या?"

भाऊ हसायच्या तयारीत होते. म्हाताऱ्यांनी बोट ठेवलं, "ये देखो. पूँछ जमीन पे, नाक ऊपर. पीछे से घुसना, और चढते जाना."

भाऊंनी फोटो हातात घेतला. जन्मभर भिंतीवर पाहिलेला. पण विमान तिरकं उभं आहे, हे त्यांना आत्ता दिसत होतं. म्हणाले, "हौ. आतला चढ आत गेल्याशिवाय नाही कळत." आणि अगदी हळू, "आई घाबरली होती का गं?"

"आई? तिने शिडीखाली चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या. बंगलोरला दोघी अनवाणी उतरलो!"

म्हातारे खुर्चीत मागे रेलून हसले. भाऊ हसता हसता चष्मा पुसत राहिले.

परतताना रिक्षात मी दोघांच्या मधे. भाऊ माझ्यावरून वाकून विचारत होते, "मग? चढून आत गेलात, पुढे काय झालं?"

"थांब रे," आक्का म्हणाल्या, "आधी विमान उडू दे तरी."