कुरडयांशेजारची लाख

यंदाच्या मे महिन्यात तुमची मावशी नागपूरहून साकोलीला आली होती. तिचे संशोधन आपल्याकडच्या लाखेवर आहे. पळसावर किडे जी लाख करतात ती तिच्या लेखी निसर्गाने केलेला पॉलिमर. जुनी लाख कशातच नीट विरघळत नाही, म्हणून एनएमआर नावाच्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रात ती घन रूपातच तपासतात. त्यासाठी मैद्यासारखी पूड करून करंगळीच्या पेराएवढ्या नळीत भरायची. ती नळी सेकंदाला हजारो वेळा फिरते. पूड कमीजास्त भरली तर डगमगते आणि यंत्र थांबवावे लागते. नागपूरच्या त्या यंत्रावरची दुसऱ्याच दिवशीची सकाळ तिला तीन महिने वाट पाहून मिळाली होती.

तयार केलेली पूड बशीत ठेवून, हिला ओल लागू देऊ नकोस, असे सांगून ती सानगडीला मैत्रिणीकडे गेली. ओल नको म्हणजे ऊन द्यायचे, एवढेच मला ठाऊक. मी बशीवर फडके बांधले, हात लावू नये अशी चिठ्ठी लावली आणि ती गच्चीवर कुरडयांच्या रांगेत ठेवली.

दुपारी ती परतली तेव्हा पूड वितळून बशीत एक लालसर वडी झाली होती.

"आई, हे उन्हात कोणी ठेवलं?"

"मीच. चिठ्ठीसुद्धा लावली आहे."

"पीएचडी आहे माझी, कुरडई नाही."

मग तिलाच हसू आले.

कच्ची लाख अजून शिल्लक होती, पण भर दुपारी ती कुटली की चिकटायची. मी लोखंडी खलबत्ता काढला. चुंबकाच्या यंत्रात लोखंडाचा कण चालत नाही म्हणून तिने तो परत ठेवायला लावला. शेवटी तुमच्या आजोबांचा औषधाचा दगडी खल लाखेसकट फ्रीजरमध्ये गेला. दहा-बारा घाव घालायचे, पुन्हा गार करायचे, असे संध्याकाळपर्यंत चालले. पूड बंद बरणीतच ठेवली आणि गारवा पूर्ण गेल्यावरच झाकण उघडले, नाहीतर आत दव धरले असते.

नळी भरताना तिची घाई दिसत होती. मी म्हटले, लोणच्याची बरणी आपण एकदम भरत नाही. थोडे घालतो, दाबतो, मग पुन्हा थोडे घालतो. ती तसेच करू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती नळी घेऊन नागपूरला गेली आणि मी फोन हातात धरूनच बसले. अकराच्या सुमारास तो वाजला.

"आई, नळी फिरून राहिली. जरासुद्धा डगमगली नाही."

मी गच्चीवर गेले आणि कुरडया उलटल्या.