गालिच्यावरची उष्टी हळद

आठवडा होत आला, जुन्नरवर ऊन म्हणून पडलं नव्हतं. मार्गशीर्ष सरत आलेला. हाडं गोठवणारी थंडी पडायची ती राहिली बाजूला, नुसतं आभाळ भरून यायचं. सकाळी कुकडीवरनं धुकं उठायचं ते थेट शिवनेरीच्या गळ्याशी. गड कुठं आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्यालाच तो दिसायचा. द्राक्षवाले फवारण्या करून कावलेले, कांदेवाले वर बघून शिव्या मोजत होते, आणि लेण्याद्रीच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथल्या पत्र्याच्या शेडपुढं आमिनाभाबी गालिचा झोडपत होत्या.

झोडपायला हातात काठी नव्हती. कुदळीच्या दांड्याला ट्रॅक्टरचा तुटका फॅनबेल्ट बोल्टानं आवळलेला. काठीनं लोकर मोडते आणि पट्ट्यानं फक्त धूळ निघते, असं भाबींचं म्हणणं. "पोराला मारतो तसं मारायचं," त्या सांगतात. "आवाज लई मोठा, लागायचं कायबी न्हाई."

भाबी उंचीला बेताच्या, मनगटं मात्र आखाड्यातली. साडी वर खोचलेली, डोक्याला घट्ट रुमाल, पायात गमबूट. वय विचारलं तर म्हणतात, "गालिच्याचं सांगते. मानसाचं कोन बघतंय?"

त्यांच्या शेडमधली एकही वस्तू या कामासाठी जन्माला आलेली नाही. पिंपळवंडीच्या कुंडलिकनं द्राक्षबाग मोडली, तेव्हा मांडवाचे अँगल आणि तारा भंगारात निघाल्या होत्या. भाबींनी भरलेला टेम्पो रस्त्यातच अडवला. आता त्याच तारांवर ओले गालिचे पडतात. पहिल्याच खेपेला एका पांढऱ्या चादरीवर तारेच्या गंजाची रेघ उठली. तेव्हा भाबींनी ठिबकच्या जुन्या नळ्या उभ्या चिरून सगळ्या तारांना घातल्या. पुन्हा कशाला गंज लागला नाही. पिळायला रसवंतीचा चरक, त्याच्या रुळांना ट्रकची ट्यूब गुंडाळलेली. झोपलेली लोकर उठवायला म्हशीचा खरारा. वाळवणाखाली नारायणगावच्या बाजारातली टोमॅटोची तडकी कॅरेटं, म्हणजे खालनंही वारं लागतं. फवारणीचा पंप तेवढा त्यांनी कोरा घेतला. वापरलेला स्वस्तात मिळत होता. "औषदाचा वास न्हायला तर? गालिच्यावर पोरं रांगत्यात," म्हणून घेतला नाही.

नवरा पीरमहंमद पूर्वी ओतूर, बेल्हे, मंचर अशा आठवडी बाजारांत सतरंज्या-चादरी विकायचा. एका पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरलं आणि मशिदीतल्या लांबलचक सतरंज्या चिखलानं भरल्या. लोक फेकून द्यायला निघाले होते. भाबींनी त्या नदीवर नेल्या, रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या आणि परत अंथरल्या तर कुणी ओळखेना. तिथनं काम मागं लागलं ते लागलंच. रमजानच्या आधी मशिदींचं, सप्ता उठला की देवळातली जाजमं, लग्नसराई सरली की कार्यालयांची हिरवी मॅटं. पीरमहंमदचे गुडघे गेले तसा तो बाजार सोडून शेडमध्ये खुर्ची टाकून बसला. चरकाचं चाक फिरवतो, चहा करतो आणि बायकोला टोमणे मारतो. ही तिन्ही कामं तो मनापासून करतो.

भाबींची एकच फुशारकी होती. माझ्या शेडमधनं डागासकट माल परत गेला न्हाई. हे त्या देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायच्या.

त्या दिवशी फटफटताना निरगुडसरच्या धर्माजीचा फोन आला होता. "भाबी, उद्या दुपारी पोरीचं लगीन हाय. आळीच्या पांढऱ्या गालिच्यावर डाग पडलाय."

"आना," भाबी म्हणाल्या. "सांजच्याला पांढराफेक करून देते."

कसला डाग, कुठला डाग, काही विचारलं नाही.

उजाडल्यावर पिकअप येऊन थांबली. धर्माजी उतरला, दाढी वाढलेली, कानामागं काल लागलेली हळद तशीच. त्याच्या मागोमाग केबिनमधनं एक ठसठशीत बाई उतरल्या. नऊवारी, हातात पिशवी, चेहरा पंचायतीला बसल्यासारखा.

"ह्या सारजाबाई," धर्माजी म्हणाला. "नवरदेवाच्या आत्या. पिंपळवंडीच्या."

मग गालिचा उतरवता उतरवता त्यानं दबक्या आवाजात सगळं सांगितलं. गालिचा त्यांच्या आळीचा. दुधी रंगाचा, काठाला निळी वेल. आळीतल्या प्रत्येक पोरीचं लग्न त्याच्यावर लागलेलं, आता पाळी धर्माजीच्या वृषालीची. काल संध्याकाळी नवरदेवाची, म्हणजे भरतची, उष्टी हळद घेऊन सारजाबाई निरगुडसरला आल्या. नवरीला हळद लावताना वाटी कलंडली. वृषालीची आई साळुबाई घाबरली आणि तिनं धुण्याचा सोडा आणून डाग घासला. घासता घासता पिवळा डाग लालभडक झाला. मांडवातल्या दिव्याखाली बघितलं तर थेट रक्त सांडल्यासारखं.

"आत्याबाईंनी कपाळाला हात लावला," धर्माजी म्हणाला. "म्हनल्या, लग्नाआदी पाटाखाली रगत! तारीख म्होरं ढकला. आता पौष लागतोय भाबी, म्हंजे महिना गेला. मांडव उभा हाय, दोन तालुक्यांत पत्रिका वाटल्यात. पोरगी रातभर रडतीय. कशाबशा हितवर आल्यात त्या. डाग डोळ्यांदेखत जाऊ दे म्हनल्या, न्हाईतर दादाला, भरतच्या बापाला, फोन लावते."

"मागं काय कुजबुज चाललीय पावणं?" सारजाबाई ओरडल्या. "म्होरं बोला की. मी काय बहिरी न्हाई."

भाबींनी कॅरेटांवर गालिचा पसरला. ताटाएवढा लाल डाग, बरोबर मधोमध. त्या गुडघे टेकून बसल्या, बोट ओलं करून डागावर फिरवलं, नाकाशी नेलं आणि हसल्या.

"सोडा किती घासला ओ?"

"अर्धा पुडा," धर्माजी म्हणाला.

"मग हे रगत कसलं? हळदीला सोडा लागला की ती लाल व्हती आत्याबाई. हळदीचंच तर कुंकू करत्यात."

"कुंकू कपाळाला असतं," सारजाबाई म्हणाल्या. "पाटाखाली न्हाई."

"बरं," म्हणत भाबी आत गेल्या, लिंबू कापून आणलं आणि अर्धी फोड सारजाबाईंच्या हातात दिली. "मी पिळलं तर म्हनाल कायतरी केलं. तुमीच पिळा."

सारजाबाईंनी आधी लिंबाकडं बघितलं, मग भाबींकडं, मग वाकून चार थेंब टाकले. जिथं थेंब पडला तिथला लाल रंग विरघळून गेला आणि खालनं पिवळा वर आला. त्यांनी आणखी पिळलं. अख्खी फोड संपवली. दुसरी मागितली.

"आगं बया!" त्या पुटपुटल्या. मग एकदम सावध झाल्या. "हे मंतरलेलं न्हाई ना?"

"मंतर येत असता तर बाई, मी गमबूट घालून घासत बसले असते व्हय?"

पीरमहंमद खुर्चीत खुदकन हसला. सारजाबाईंनाही हसू येऊ बघत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "मानलं. रगत न्हाई. पर डाग तर हायच. तुमी पांढराफेक म्हनला व्हता. पावण्यांनी गाडीत धा येळा ऐकवलंय मला. पांढरा करा, मग बोलू."

भाबींनी पदर खोचला. कोमट पाण्यात रिठा कालवला. आधी काठाच्या निळ्या वेलीवर ओलं फडकं दाबून बघितलं, रंग सुटत नव्हता. मग नारळाच्या शेंडीनं हळूहळू, मधल्या बाजूला आणत आणत डाग चोळला. पंपानं धुतला, चरकातनं काढला, पुन्हा लिंबू, पुन्हा रिठा. धर्माजी चाकाला लागला, पीरमहंमद हुकूम सोडायला लागला. हळद फिकी झाली. आणखी फिकी झाली. आणि तिथं येऊन थांबली. दुधावर साय धरावी तशी पिवळट छटा बसली ती काही हलेना.

भाबींनी वर बघितलं. शिवनेरी अजून धुक्यात. हळदीचा शेवटचा रंग पाण्यानं जात नाही, तो ऊनच खातं. हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. फोनवर बोलताना डाग हळदीचा आहे हे ठाऊक नव्हतं, एवढंच.

"ब्लीचिंग टाक," पीरमहंमद हळूच म्हणाला. "चुटकीसरशी जाईल."

"लोकर हाय. आज पांढरी दिसंल, वरीसभरात मुठीत यील."

धर्माजीनं ऐकलं. तो जवळ आला. "येऊ दे मुठीत. भाबी, आळीला मी नवा गालिचा घेऊन देईन. तुमी उद्याच्यापुरता पांढरा करा. माझी पोरगी मांडवात बसलीय."

ब्लीचिंगचा डबा फळीवरच होता, मोरी धुवायला ठेवलेला. भाबींनी त्याच्याकडं बघितलं. फुशारकी राहिली असती. आत्याबाई गप झाल्या असत्या. गालिचा कशानं मेला हे कुणाला कळलंही नसतं. धर्माजीच्या आळीत अजून चारदोन पोरी लग्नाच्या होत्या, त्यांना तो मिळाला नसता, एवढंच.

"फोनवर मी वाईच जास्तच बोलले धर्माजीभाऊ," त्या म्हणाल्या. "त्याची शिक्षा गालिच्याला कशापायी?"

आणि हात पुसत त्या सारजाबाईंसमोर जाऊन बसल्या. सारजाबाई चहा पीत होत्या.

"आत्याबाई, एक विचारू?"

"इचारा."

"ही हळद कोनाची?"

"कोनाची म्हंजे? आमच्या भरतची. त्याला लावून उरलेली. मी माझ्या हातानं वाटून नेली व्हती."

"वाटली कशात?"

"पाट्यावर. आमी मिक्सरमधली लावत न्हाई."

"दिसतंय की. म्हनून तर निघंना." भाबींनी गालिच्याकडं बोट केलं. "नवरदेवाच्या अंगाची हळद, आत्याच्या हातची, नवरीच्या पाटाखाली बसलीय. आन् लगीन उद्यावर आलं असताना ती खरवडून काढा म्हनून तुमीच सांगताय. मी परक्या जातीची बाई, मला तुमच्यातलं काय कळत नसंल. पर ह्याला तुमच्यात शुभ म्हनत्यात का?"

सारजाबाईंचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"तशी मी काढीन," भाबी पुढं म्हणाल्या. "ऊन पडू दे, दोन दिसांत तुमाला ठिकाना लागनार न्हाई. फक्त आज काढा म्हनाल, तर तसं तुमच्या तोंडानं सांगा. सासरची हळद पुसा म्हनून. मग पुसते."

सारजाबाईंनी कप खाली ठेवला. पिशवीत हात घालून मोबाइल काढला. धर्माजीचा चेहरा पडला, तो उठून उभाच राहिला.

"हॅलो, दादा," सारजाबाई मोठ्यानं बोलू लागल्या. "व्हय, बघितला. रगत-बिगत कायबी न्हाई, त्या साळुबाईनं सोडा घासला व्हता, येड्यावानी... हळदच हाय. आपलीच. हितल्या बाईचा हात मोडायची येळ आली, तरी जाईना. पाट्यावरची हळद हाय दादा, मी म्हनत व्हते का न्हाई... कशाला ढकलायची तारीख? कोन म्हनलं ढकला? तू उद्या वरात येळंवर काढ, गेल्या खेपंला बँडवाल्यापायी उशीर झाला व्हता..."

धर्माजीनंही मोबाइल काढला आणि शेडच्या मागं गेला. तिकडनं त्याचा घोगरा आवाज येत होता. "रडू नको बाळा. आईला दे जरा."

उरलेलं काम वाळवायचं. भाबींनी धान्य उफणायचा पंखा ओढत आणला, कॅरेटांवरच्या गालिच्याखालनं वारं सोडलं आणि दुपार कलेपर्यंत उलटापालटा करत राहिल्या. सारजाबाईंनी मदत केली, म्हणजे पिशवीतल्या शेवेच्या लाडवांचा डबा उघडला आणि भाबींनी आपल्या सासूचं नाव काढताच स्वतःच्या सासूबद्दल सांगायला घेतलं ते गालिचा वाळेपर्यंत पुरलं. पीरमहंमद लाडू खात हूं हूं करत होता.

शेवटी खराऱ्यानं लोकर उठवून, सुतळीनं बांधून गालिचा पिकअपमध्ये चढला. भाबींनी धर्माजीला बजावलं, "डाग झाकायला वर कायबी टाकू नका. पाट बरोबर त्याच्यावरच मांडा. आन् लगीन झालं की ऊन बघून परत आना. त्या येळंला मी शब्द देत न्हाई, पांढरा करून देते."

"तुमी लग्नाला यायचं भाबी," सारजाबाई केबिनमधनं म्हणाल्या. "दोघंबी. न्हाई आलात तर हळद तुमच्या दारात आनून सांडीन."

गाडी लेण्याद्रीच्या रस्त्यानं खाली गेली, वळणावर दिसेनाशी झाली. पीरमहंमदनं मिशीवरचा लाडू झटकला.

"आमिना, डागासकट माल गेला की गं शेडमधनं. आयुष्यात पहिल्यांदा."

"व्हय, गेला."

"आता गावाला काय सांगनार?"

"जे झालं ते. उद्या लग्नात चारशे मानसं बघनारच हायेत." भाबींनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "त्यातलं कोन कोन हळदीच्या साड्या धुवायला घेऊन येतंय ते बघा आता."

पीरमहंमद कपबशा गोळा करायला लागला.

रस्त्यापलीकडच्या नळाला सूं सूं आवाज सुटला. पाणी आलं होतं, आणि ते कधी जाईल याचा नेम नसायचा. भाबींनी नळीचं वेटोळं खांद्यावर घेतलं, एक टोक नळाला लावून चिंधीनं आवळलं आणि दुसरं टोक रिकाम्या ड्रमात सोडलं.