चुलीवर पेटवलेली बिडी

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्लम उजेडाला धरली आन् म्हणाले, "मावशी, पोराचं एक फुफ्फुस बसलंय. न्यूमोथोरॅक्स म्हणतात याला." मंग समजावलं, फुफ्फुसाला बारीक भोक पडतं, हवा छातीत साचते, फुफ्फुस आकसतं.

माझा सुभाष तवा सोळा वर्साचा, दहावीला. सकाळी छातीत कळ आली, दम पुरेना. साक्रीच्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. यष्टीत सगळा रस्ता मी त्याचा श्वासच ऐकत व्हते.

"बिडी ओढतो?" डॉक्टरांनी इचारलं.

"शिवत बी नाही वो," मी म्हटलं.

सुभाष खाली बघत बोलला, "दिवसाला आठ-दहा."

"कधीपासून?"

"लहानपणी आबांची चुलीवर पेटवून न्यायचो ना, तवापासून."

आबा म्हंजे माझे सासरे. ओट्यावरून हाक मारायचे, "पोऱ्या, बिडी चेटाडी लई ये." म्हंजे पेटवून आण. मीच निखारा पुढं करायची. ओट्यापर्यंत जाता जाता विझू नये म्हणून दोन झुरके ओढायचे, ते बी मीच शिकवलेलं. लेकरू ठसकायचं, आम्ही हसायचो. तुमच्या घरी बी चालत असंल, म्हणून सांगते.

डॉक्टर म्हणाले, "उंच, किडकिडीत पोरांना हे आपोआपही होतं. पण धुरानं धोका फार वाढतो. सोडली नाही तर परत होईल."

छातीत नळी घातली. तिचं टोक पाण्याच्या बाटलीत, छातीतली हवा तिथं बुडबुडे होऊन निघायची. बुडबुडे थांबले म्हंजे भोक बुजलं. नाही थांबले तर मुंबईला ऑपरेशन.

मंग काय, मी बाटलीच बघत बसले. उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. सुभाष खोकला की बुडबुडे उसळायचे. भाकर तोंडात फिरायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "इतली काय देखी ऱ्हायनी वं माय, बाटलीमा मासा शे का?" सुभाष हसला, आन् हसता हसता कळवळला.

चौथ्या दिवशी बुडबुडे कमी झाले. पाचव्या दिवशी परत वाढले. त्या दिवशी मी पाणी बी घेतलं नाही.

आठव्या दिवशी दिसेचनात. मला वाटलं नळी तुंबली, पळत सिस्टरला आणलं. परत एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, "फुगलं बघा फुफ्फुस." त्या माणसाचे उपकार मी इसरणार नाही.

घरी आलो. सुभाष खाटेवर पडला. आबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून ओट्यावर गेले. जरा येळानं हाक आली, "पोरी, बिडी चेटाडी लई ये." आता पाळी माझ्या सात वर्साच्या लेकीची. ती बिडी घेऊन चुलीपाशी आली बी.

मी तिच्या हातून बिडी घेतली. सासऱ्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सारखा केला, ओट्यावर गेले, बिडी आन् काडीपेटी त्यांच्यापुढं ठेवली.

"आबा, इथून पुढं तुमची तुम्ही पेटवा."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मंग घरात, खाटेकडं. बिडी कानावर खोचली. काडी काही ओढली नाही.