भिंतीवरचा परवाना

लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यातली पाळी संपवून कंपनीच्या बसकडे निघालो होतो. गेटवरचा वॉचमन आमच्याच वाडीतला. म्हणाला, "घरून फोन होता. तुझी ती शॉकवाली बहीण गेली." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, वाडीत तिला याच नावानं ओळखत... नलूताई काविळीनं गेली, त्याला आता महिना होत आला.

रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात ती एकटीच मुलगी. परवाना मिळाला तेव्हा आईनं तो देवापुढे ठेवला होता. परवानाधारक माणसाशिवाय घरातलं विजेचं फिटिंग करायचं नाही, असा नियम. म्हणून शहरातल्या एका ठेकेदारानं तिला लगेच नोकरी दिली, परवाना काचेत घालून दुकानात टांगला आणि त्याच्याखाली तिला खुर्चीवर बसवलं. कामावर जायचे बिनपरवान्याचे गडी. ताईनं शिडी मागितली की तो हसायचा. "बाईमाणूस शिडीवर? गिऱ्हाईक काय म्हणेल गो? तू फक्त सही कर." घर न पाहता तपासणीच्या कागदावर सही करायला ती तयार नव्हती. "मग उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. तिनं सही केली... मग करतच राहिली.

राजापूरच्या एका घरात नव्या सुनेनं इस्त्रीला हात लावला आणि ती जागच्या जागी गेली. सॉकेट तीन पिनांचा, पण मागे शॉक जमिनीत उतरवणारी अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. चौकशीत ताई म्हणाली, "मी ते घर बघितलंसुद्धा नाही, साहेब."

निरीक्षकांनी कागद पुढे सरकवला. "मग ही सही कुणाची?"

ठेकेदार शेजारीच उभा होता. "मी हिच्यावर विश्वास ठेवला, साहेब."

परवाना ताईचा रद्द झाला. त्याचं दुकान चालू राहिलं. त्या सुनेची आई आमच्या दारात येऊन ताईच्या तोंडावर थुंकली. ताईनं किती तरी वेळ तोंड पुसलं नाही.

तिनं स्वतःच्या हातानं पुरं केलेलं फिटिंग एकच, आमच्या स्वयंपाकघराचं, नोकरीला लागण्याआधीचं. परसात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून अर्थिंगही तिनंच केलेलं. आईचा हात पोचावा म्हणून बटण मुद्दाम खाली बसवलेलं. राजापूरच्या त्या प्रकारानंतर आई ते बटण शॉकच्या भीतीनं लाकडी लाटण्याच्या टोकानं दाबायला लागली. ताई समोर जेवत असायची. खाली मान घालून जेवत राहायची.

ती गेल्यावर तरी हे थांबेल असं मला वाटलं होतं. काल तिन्हीसांजेला आईनं पुन्हा लाटणं उचललं.

"आई, ताईनं केलंय ते," मी म्हटलं.

"म्हणूनच रे," आई म्हणाली, आणि लाटण्यानं बटण दाबून दिवा लावला.