शाझलीच्या भिंतीचा लोणा

आमच्या गावात, नाईलच्या पश्चिम काठावर, हजहून परतणाऱ्या हाजींच्या घरांवर काढलेली यात्रेची चित्रं बघायला परदेशी लोक येतात आणि चित्रकाराचं नाव विचारतात. भिंत तयार कोणी केली, हे आजवर एकाही शहाण्याने विचारलेलं नाही. ती आमच्या गिलावा करणाऱ्या कनावीने केलेली असते.

कालवा जवळ, म्हणून आमच्या भिंतींना लोणा लागतो, मिठाचा पांढरा भुगा फुलतो. घाईची माणसं त्यावर बादलीभर पाणी ओततात. भिंत तेव्हा लख्ख दिसते, पण मीठ विरघळून आत गेलेलं असतं. वर्षभरात ते रंगाचे पोपडे घेऊन बाहेर पडतं. कनावी लोणा असेतो पाण्याचा थेंब लागू देत नसे. कोरड्या ब्रशने झाडायचं, थांबायचं, पुन्हा फुललं की पुन्हा झाडायचं. मग भेगा बुजवून चुन्याचे दोन हात.

शाझली त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. शाझलीच्या दारच्या ओट्यावर दोघं रोज संध्याकाळी चहा प्यायचे. हजला जायचं तर बरोबरच, अशी शपथ होती. सात वर्षं दोघांची नावं एकाच अर्जात हजच्या सरकारी सोडतीला गेली आणि सातही वर्षं हुकली. कनावीला अक्षर येत नव्हतं. अर्ज शाझलीच भरी.

"यंदाही नाही रे निघालं आपलं नाव," आठव्या वर्षी शाझली म्हणाला, आणि लेकीकडे अस्वानला म्हणून निघून गेला.

काही दिवसांनी चित्रकार नूबी दारात आला. "चाचा, भिंत आहे एक. हाजी परतायच्या आत चित्र व्हायला हवं. पंधरा दिवस आहेत."

"कोणाची?"

नूबी वळून चालूही लागला. "चला तर खरं."

तो थांबला शाझलीच्या दारात. शाझलीची बायको फहीमा चहा घेऊन आली.

"कनावीभाऊ, मी म्हटलं होतं त्यांना, तुम्हाला सांगून जा."

"बरोबर कोण गेलंय?"

"माझा भाऊ, जादुल्ला. यंदा अर्जात तुमच्या जागी त्याचं नाव घातलं होतं."

सगळी गल्ली मूग गिळून बसली होती. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे केसाने गळा कापला होता, आणि तोही देवाच्या घरी जाण्यासाठी. कनावीने भिंतीकडे तोंड केलं. त्याला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

"धुऊनच टाका, लवकर होईल," फहीमा म्हणाली. बादली तिने भरूनच ठेवली होती.

कनावीने ती उचलली. एवढी एक बादली, की पुढच्या रमजानपर्यंत शाझलीचं हाजीपण खपल्याखपल्यांनी रस्त्यावर आलं असतं, आणि कोणी त्याला बोल लावला नसता. त्याने पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि कोरडा ब्रश घेतला.

दिवसातून तीनदा तो झाडायचा. इतका जीव ओतून त्याने स्वतःच्या घराची भिंतही केली नव्हती. नूबीने विमान काढलं, काबा काढला, पांढऱ्या वस्त्रांतली दोन माणसं काढली आणि खाली नावं लिहिली.

"वाच," कनावी म्हणाला.

"'हाजी शाझली आणि त्यांचे मेहुणे हाजी जादुल्ला.'"

"अक्षर लहान वाटतंय. मोठं कर."

ढोलांच्या गजरात शाझली परतला. भिंत बघितली आणि मक्केहून आणलेल्या झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली घेऊन थेट कनावीकडे आला. त्याचे डोळे भरले होते.

"तिथे तुझ्यासाठी दुआ मागितली रे! मला वाटलं होतं, रागाने धुऊन मोकळा होशील. म्हणजे माफ केलंस ना?"

"धुतली असती तर वर्षात सगळं गळून पडलं असतं," कनावी म्हणाला. "ही वीस वर्षं हलणार नाही. तू कोणाबरोबर गेलास, ते येणारा-जाणारा वाचेल."

बाटली त्याने घेतली नाही.

याला बारा वर्षं झाली. चित्र जसंच्या तसं आहे. ओट्यावर कोणी बसत नाही.