चाकापुढची टिटवी

बारावीपर्यंत मला 'घाईघाईने' एवढा एकच शब्द पुरत होता. कॉलेजात आल्यावर कळलं, इंग्रजीत त्यासाठी शब्दांची रांगच आहे: हेस्टिली, रॅशली, रेकलेसली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून एकेक शब्द जपून पाठ करते. मॅडम म्हणाल्या होत्या, या शब्दांत दोष असतो, विचार न करता वागण्याचा.

काल बांधावर बसून तेच पाठ करत होते. समोर गणूदादाचा ट्रॅक्टर आमचं शेत नांगरत होता. अचानक एक टिटवी ओरडत आली आणि पंख पसरून थेट चाकापुढे उभी राहिली. केवढासा जीव!

"थांब रे गणू!" माझे वडील धावले. "अंडी असतील तिची."

"उडंल की ती, अण्णा."

"ती हटंना, मग आपण हटायचं. वळव तिकडनं."

"आता पाखरं बी मालक झाली!" गणूदादा हसला, पण त्याने स्टेअरिंग वळवलं. टिटवीची अंडी असली, की तेवढा तुकडा आमच्याकडे नांगरत नाहीत.

मी मनात शब्द लावून पाहिले. रॅशली? रेकलेसली? असेलही. पण तिने विचार केला नसेल, असं मला म्हणवेना. तिला तर पंख होते. उडून जाणं किती सोपं होतं.

ट्रॅक्टर शेजारून घरघरत गेला. टिटवीने पंख मिटले, चोचीने एक अंडं जरासं सरकवलं आणि ती हळूहळू खाली बसली. बसताना तिला कसलीच घाई नव्हती.